तीनशे चारमधलं पाणी

चि. ईरा आणि चि. सोहम,

मागच्या रविवारी कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, लातूरचा फ्लॅट विकायला इतके महिने का लागले?" तुमचा बाबा शेजारीच बसला होता, म्हणून मी "कागदपत्रांमुळे" असं म्हणाले. ते खरं नव्हतं. पुढच्या आठवड्यात खरेदीखत होणार आहे. एकदा त्यावर सही केली की ते दार आपलं राहणार नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि गोष्टी विसरण्याआधी लिहून ठेवायची मला सवय आहे. म्हणून आज बसले. तुम्हाला मराठी सावकाश वाचावं लागतं हे मला माहीत आहे, तेव्हा सोपं लिहिते.

आधी एक सांगते. मी अशा गोष्टी कधी मानल्या नाहीत. नांदेडला मी पस्तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. आमच्या शाळेच्या मागच्या जिन्यावर एक बाई दिसते अशी आवई उठली होती, तेव्हा मी महिनाभर रोज माझा डबा त्या जिन्यावर बसून खाल्ला. मुंग्यांशिवाय मला तिथे कुणी भेटलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते लिहिताना मलाच संकोच होतो आहे... पण जे घडलं ते घडलं.

जागा नीट सांगते. लातूरला शिकवणीच्या क्लासेसचा एक भाग आहे. सकाळी सहापासून पाठीला बॅगा लावलेली मुलं, दोन्ही बाजूंना मेस, झेरॉक्स, चहाचे गाडे, आणि प्रत्येक खांबावर कुठल्या तरी हुशार मुलाचा मार्कांसकट फोटो. त्या गल्लीत मंजिरी रेसिडेन्सी नावाची इमारत आहे. तिसरा मजला, तीनशे चार नंबर. तुमच्या बाबाने तिकडे परदेशात बसून फोटो पाहून घेतलेला हा स्टुडिओ अपार्टमेंट. एकच मोठी खोली, भिंतीत उभा मिटणारा पलंग, छतातून लोंबणारे तीन काचेचे दिवे, आणि स्वयंपाकाच्या ओट्यासमोर नाश्त्यासाठी एक काळा चकचकीत काउंटर.

तिथे राहायला आल्या अक्का. तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुम्ही त्यांना अक्काआजी म्हणत होतात, आठवत असेल — सोहमच्या दाढी नसलेल्या गालावरून हात फिरवून बोटं मोडणाऱ्या. त्या चाकूरजवळच्या खेड्यात एकट्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला आल्या आणि फ्लॅट रिकामाच होता म्हणून राहिल्या. पहिल्या दिवशी सगळीकडे बघून म्हणाल्या, "एवढीशी खोली अन् नाव केवढं! इष्टुडिओ. कुणाचा फोटो काढायचाय हितं?" पलंगावर त्या कधी झोपल्या नाहीत. "झोपल्या जागी भिंतीनं गिळलं तर मला कोण काढणार, तू?" असं मला विचारलं. खाली सतरंजीवर झोपायच्या. आणि नाश्त्याच्या काउंटरची त्यांनी घडवंची केली, म्हणजे पाण्याची भांडी ठेवायची जागा. तांब्याचा हंडा, दोन स्टीलच्या घागरी, एक कळशी, एक झाकणाची टाकी. प्रत्येकाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. आणि दाराच्या आत एका छोट्या स्टुलावर पितळी तांब्या, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं. दारातून येणाऱ्याने आधी पाणी प्यायचं, मग बोलायचं. पोस्टमन असो, गॅसवाला असो, सगळ्यांना हाच नियम.

आता पाण्याचं सांगते, कारण तिकडे तुम्हाला हे समजणार नाही. त्या ओट्यावर दोन तोट्या आहेत. एकीला बोअरचं पाणी, ते जड, त्यात डाळ शिजत नाही. दुसरीला महापालिकेचं. ते आठ-दहा दिवसांतून एकदा, तास-दीड तास. "आज नळ आहे" असा ग्रुपवर मेसेज आला की अख्खं लातूर हातातलं काम टाकून घरी पळतं. पण मंजिरीत राहणारे सगळे नोकरीवाले — बँकेतले, क्लासेसमधले शिक्षक. दुपारी अकराला नळ आला तर घरी कोण असणार? अक्का असायच्या. हळूहळू एकेक जण जाताना त्यांच्याकडे चावी ठेवू लागला. अक्कांना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी एका फळीला नऊ खिळे ठोकून घेतले आणि प्रत्येक चावीला खूण बांधली. कुणाच्या चावीला शर्टाचं बटण, कुणाच्या बांगडीचा तुकडा, कुणाच्या सेफ्टी पिन. नळाच्या दिवशी ती शहात्तर वर्षांची बाई नऊ घरांचं पाणी भरायची. मला हे अजिबात पसंत नव्हतं. दुसऱ्याच्या घराची जबाबदारी म्हणजे उद्या काही झालं की आपल्यावर येणार, असं मी त्यांना दर खेपेला सांगायचे. त्या म्हणायच्या, "होईल ते होईल. तहानलेलं घर बंद ठेवू नये."

आणि झालंच. एका घरात त्या भरत असताना वीज गेली, मोटार बंद पडली, पाणी थांबलं. अक्का तोटी बंद करायला विसरून पुढच्या घरी गेल्या. वीज आली तेव्हा पाणी त्या घरात वाहत सुटलं आणि नव्या लाकडी फरशीच्या खाली गेलं. त्या गृहस्थाने रागाच्या भरात तुमच्या बाबाला तिकडे फोन केला. बाबाने मला केला. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने लातूर गाठलं.

मी बोर्डाच्या परीक्षेची केंद्रसंचालक म्हणून बरीच वर्षं काम केलेलं आहे. कुठलीही गोष्ट कशी निस्तरायची हे मला ठाऊक होतं. मी एक वही घेतली, फळीवरच्या नऊ चाव्या काढल्या, आणि घरोघर जाऊन परत केल्या. "चावी मिळाली" असं लिहून प्रत्येकाची सही घेतली. समोरच्या शबानाभाभी सही करताना म्हणाल्या, "आपाला विचारलं का तुम्ही?" त्या अक्कांना आपा म्हणायच्या. मी म्हणाले, "विचारायचं काय त्यात? धोका आहे तो."

परत आले तेव्हा अक्का सतरंजीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. रिकाम्या खिळ्यांकडे बघत होत्या. मी पर्स उचलली. तेव्हा त्या उठल्या, तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"विमल, पाणी तरी घे."

"नको अक्का, बस चुकेल माझी."

बस सव्वा तासाने होती. तो सव्वा तास मी स्टँडवर बाकावर बसून काढला. तुम्हाला वाटेल, एक फुलपात्र पाणी, त्यात काय एवढं. पण आमच्याकडे रागावून निघालेलं माणूससुद्धा पाण्याचा घोट घेऊन निघतं. न घेणं म्हणजे संबंध तोडणं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं.

त्यानंतर अक्का फोनवर एवढंच बोलायच्या, "हाव, बरी हाय." अडीच महिन्यांनी नळाच्या दिवशी दुपारी त्या झोपेतच गेल्या. शबानाभाभींना दार लोटलेलं दिसलं, म्हणून त्या आत गेल्या. पाची भांडी भरलेली होती. नुसती स्वतःची पाच.

मृत्यू झालेल्या घरातलं पाणी ओतून टाकतात, तसं मी ते ओतलं. भांडी पुसली, पालथी घातली. फडकी धुऊन घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. ओट्याखालचा नळाच्या लाइनचा कॉक घट्ट बंद केला, कुलूप लावलं आणि नांदेडला परत आले.

तीन महिन्यांनी विकायचं ठरलं. बसवराज नावाच्या एजंटाने इंग्रजीत जाहिरात केली, "स्टायलिश स्टुडिओ अपार्टमेंट फॉर सेल इन व्हायब्रंट सिटी नेबरहूड." मी त्याला फोन करून सांगितलं, त्यात आर्टिकल राहिलंय. तो म्हणाला, "मॅडम, लातुरात आर्टिकल कोण बघायलंय? लोक आधी इचारतेत नळाला पाणी हाय का."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते प्रज्ञा. तिशीतली मुलगी, तिथल्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. बरोबर तिची आई, सुमनबाई. त्या अहमदपूरकडच्या एका गावच्या, शाळेत मुलांची खिचडी शिजवून त्यांनी मुलीला शिकवलेलं. खाली वॉचमनशी त्यांचा "जयभीम" झाला. मी बसमधून उतरून थेट फाटकाशी आले होते, बसवराज माझ्याबरोबरच होता. मी कुलूप उघडलं.

पहिल्यांदा वास आला. ओल्या कापडाचा.

काउंटरवर पाची भांडी उभी होती. तोंडाला पांढरी फडकी बांधलेली, आणि फडकी कडेने ओली. आत स्टुलावर पितळी तांब्या, वर फुलपात्र उपडं. तांब्याच्या अंगाला बाहेरून पाण्याचे थेंब होते.

सुमनबाई कौतुकाने म्हणाल्या, "बघ गं, रीतीची माणसं. आपण येणार म्हणून पाणी भरून ठिवलंय." आणि उन्हातून तीन जिने चढून आल्या होत्या त्या, सहज वाकून त्यांनी तांब्याला हात घातला.

माझ्या तोंडून निघालं, "थांबा. त्याला हात लावू नका."

मी घाबरले होते. एवढंच. ते पाणी कुठून आलं, कुणी भरलं, त्यात काय आहे, मला काही माहीत नव्हतं. पण सुमनबाईंचा हात जिथे होता तिथेच थांबला, मग सावकाश मागे आला. त्यांनी तो पदराला पुसला. त्या हाताला पाणी लागलेलंही नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तहान न्हाई एवढी."

त्यांनी घर सगळं पाहिलं. प्रज्ञाने पलंग पाडून बघितला, खिडकी उघडून बघितली. नमस्कार करून दोघी गेल्या. मला तेव्हा कळलंही नाही, मी त्या भांड्यांकडेच बघत होते. बसवराजला विचारलं, तो शपथेवर म्हणाला की मी कुरिअरने पाठवलेली चावी त्याने महिनाभर खिशातून काढलेली नाही. शबानाभाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आज नळ होता ना. सकाळी हंडा घासल्याचा आवाज आला तुमच्या दाराआडून. मी समजले तुम्हीच आल्या नांदेडवरून." मग म्हणाल्या, "मागच्या नळालाही आला होता. तेव्हाही तुम्हीच, असं वाटलं."

मी सगळं पाणी ओतून दिलं, भांडी पालथी केली. कॉक पाहिला. बंद होता.

संध्याकाळी बसवराजचा फोन आला. "मॅडम, फ्लॅट पसंत हाय पोरीला. पण आई न्हाई म्हणतीय. म्हणली, घर चांगलं हाय, तिथलं पाणी आपल्याला नको."

तेव्हा मला समजलं, मी काय केलं होतं.

हेही तुम्हाला सांगायला हवं. माझं माहेर निलंग्याचं. आमच्या अंगणात वळचणीला एक पेला खोचलेला असायचा, वेगळा. काही लोक कामाला आले की त्यांना तो पेला, आणि पाणी वरून ओतायचं. मी लहानपणी माझ्या हाताने असं ओतलेलं आहे. पुढे शिकले, शिकवलं, वर्गात समतेवर निबंध लिहून घेतले. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका बाईला म्हणाले, त्याला हात लावू नका. आमच्या आडनावावरून आम्ही कोण ते इकडे सगळ्यांना कळतं. सुमनबाईंनी दुसरं काय समजायचं होतं?

मी त्यांना फोन केला. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बंद घर, पालथी भांडी, ओली फडकी, माझी भीती. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेली मानसं. भुताची गोष्ट कशाला सांगता मला? तुमच्या भांड्याला आमचा हात नको, तर तसं सरळ म्हना. आमाला सवय हाय."

मी म्हणाले, "मी भूत म्हणत नाही. मला काय आहे ते माहीत नाही. तुम्ही स्वतः येऊन बघा."

फोन प्रज्ञाने घेतला. "आजी, मी फिजिक्स शिकवते. मला बघायचंय. आईला मी आणते."

इकडे तुमच्या बाबाचं वेगळंच. तो म्हणाला, "आई, तूच मागच्या खेपेला भरून ठेवलं असशील." मी म्हटलं, मागची खेप चार महिन्यांपूर्वीची, फडकी इतके दिवस ओली राहतात का? दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. पण माझ्याही मनात शंका शिरली होती, ती लपवत नाही. मीच तर विसरत नसेन?

म्हणून मी मला येणारी एकच गोष्ट केली. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटं आम्ही जशी सांभाळायचो, तसं ते घर सील केलं.

नळाच्या चार दिवस आधी लातूरला गेले. नवं कुलूप बसवलं, दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये. बसवराज आणि शबानाभाभी यांना आत नेलं, पालथी भांडी दाखवली, बंद कॉक दाखवला, ड्रॉवरमधली कोरडी फडकी दाखवली. खिडकी आतून लावली. मग दार ओढून कुलूप लावलं आणि दार नि चौकट यांच्या फटीवर कागदाची पांढरी पट्टी खळीने चिकटवली. अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर. तिच्यावर आडवी सही केली, म्हणजे सहीचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. दार उघडलं तर सही फाटलीच पाहिजे. वर तारीख, वेळ. बसवराज म्हणाला, "मॅडम, आत पेपर ठिवलाय का दहावीचा?" शबानाभाभी हसल्या नाहीत. मी त्याच दिवशी नांदेडला परतले आणि चार दिवस घराबाहेर पडले नाही. शेजारच्या काकूंना मी रोज दोनदा हाक मारायचे, म्हणजे मी घरीच होते याला साक्षीदार राहील. इतकी माझी स्वतःवरची श्रद्धा उडाली होती.

नळाच्या दिवशी सकाळी शबानाभाभींचा फोन आला, तसं प्रज्ञाला कळवून मी निघाले. बसमध्ये मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. भांडी पालथीच निघाली तर? मग सुमनबाईंच्या दृष्टीने मी विटाळ मानणारी तर होतेच, वर खोटारडीही झाले असते. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा देवाकडे काही मागितलं. आणि काय मागितलं, तर ते पाणी तिथे असू दे.

दुपारी बाराला मी पोचले. दोघी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. सुमनबाई लेकीच्या शब्दाखातर आल्या होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांना पट्टी दाखवली. परीक्षेत पाकीट फोडण्याआधी दोन मुलांच्या सह्या घेतात, सील शाबूत होतं म्हणून. तशा मी त्या दोघींच्या पट्टीवरच घेतल्या. सुमनबाईंनी सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. मग मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

"उघडा तुम्ही."

प्रज्ञाने ब्लेडने फटीतून पट्टी चिरली. सुमनबाईंनी कुलूप काढलं आणि दार ढकललं.

ओल्या कापडाचा तोच वास.

पाची भांडी उभी, फडकी बांधलेली. प्रज्ञा थेट ओट्याखाली शिरली. कॉकवर बोट फिरवून तिने मला दाखवलं. धूळ होती, बोटाचा ठसा उठला. मग तिने फडक्याची गाठ पाहिली, खिडकीची कडी पाहिली. "प्रेशरने कॉकमधून पाणी झिरपू शकतं आजी," ती म्हणाली, "पण ते भांडं सरळ करत नाही. आणि गाठ मारत नाही."

सुमनबाई दारातच उभ्या होत्या. त्या स्टुलाकडे बघत होत्या. मीही तेव्हाच पाहिलं. पितळी तांब्या होता. मागच्या खेपेला त्यावर एक फुलपात्र होतं. या वेळी दोन होती. एक तांब्यावर उपडं, दुसरं शेजारी.

मी त्यांना अक्कांबद्दल सगळं सांगितलं. नऊ चाव्या, वही, सह्या. आणि बसला सव्वा तास असताना "बस चुकेल" म्हणाले ते. हे मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, तुमच्या बाबालासुद्धा नाही. दारातच उभ्या उभ्या सांगितलं.

सुमनबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमच्या नणदंनं मला पाणी ठिवलं होतं त्या दिशी. तुमी मधी आलात."

"हो," मी म्हणाले.

"अन् तुमालाबी ठिवलंय."

प्रज्ञा म्हणाली, "आई, आधी टेस्ट करून घेऊ पाणी." त्या म्हणाल्या, "गप. तू शिकवनी घे तुझी."

त्यांनी वाकून तांब्या उचलला. एक फुलपात्र भरलं आणि उभ्यानेच सगळं प्यायल्या. मग दुसरं भरून माझ्यापुढे धरलं.

"घ्या बाई. बस चुकली तर चुकली."

मी प्याले. पाणी गार होतं. तांब्याच्या हंड्याची किंचित चव आणि मागे तुरटीची. अक्का नळाच्या पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवायच्या, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. त्या घरात तुरटीचा खडा आता नव्हता. भांडी पुसली तेव्हा मीच तो फेकून दिला होता.

पुढच्या नळाला मी पुन्हा पट्टी लावून पाहिली. या वेळी भांडी पालथीच निघाली. कोरडी. त्याच्या पुढच्या नळालाही तेच. शबानाभाभींना दाराआडून आवाज आला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी त्या रिकाम्या खोलीत थोडा वेळ सतरंजी टाकून बसले आणि मग स्टँडवर गेले.

प्रज्ञा घर घेते आहे. मी तिला सांगितलं की नाही म्हणालीस तरी मी वाईट वाटून घेणार नाही. ती म्हणाली, "आजी, ज्या घरात कुणी पाणी भरून ठेवतं, तिथे राहायला भीती कसली? मी तर अकरा वाजता क्लासवर असते." सुमनबाईंनी फक्त एक मागितलं, की स्टूल आणि तांब्या तिथेच राहू द्या. दोन्ही वस्तू तिथेच ठेवल्या. विसार झाल्यावर प्रज्ञा तिथे राहायलाही आली.

बाबाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणतो, कुणाकडे तरी तिसरी चावी असेल, पट्टी वाफेवर सोडवून परत चिकटवली असेल. असेल. प्रज्ञाही अधूनमधून फोन करून एखादी शक्यता सांगते आणि दोन दिवसांनी स्वतःच ती खोडून काढते. मी खूप विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि न सापडलेलं उत्तर मी भरून काढणार नाही. वर्गातही मी मुलींना हेच सांगायचे, येत नसेल तर जागा कोरी सोडा.

जे उरलं आहे ते असं. नऊ खिळ्यांची फळी तीनशे चारमध्ये भिंतीवर आहे. मागच्या खेपेला तिच्यावर एक चावी टांगलेली होती, शर्टाच्या बटणाची, शबानाभाभींची. सुमनबाई सुट्टीत लेकीकडे येऊन राहतात, तेव्हा त्या समोरच्या घरी पाणी भरतात. तांब्या स्टुलावर आहे. आणि ती पहिली पट्टी माझ्या लोखंडी कपाटात, तुमच्या जन्माच्या दाखल्यांच्या पाकिटात आहे. तिच्यावर तीन सह्या आहेत. माझी मधून चिरलेली आहे, ती ब्लेडने. त्याआधी ती शाबूत होती.

तुमची,
आजी